तरोटा कुटायचा दगड

पवनारात नरहर उमाटे यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांच्या बायकोचं नाव ठाऊक असलेला बाहेरचा माणूसही नव्हता. नाव विचारायची वेळच यायची नाही. पाहुणे यायचे, ओट्यावर बसायचे, पितळी पेल्यातली कॉफी प्यायचे, "वा वहिनी" म्हणायचे आणि जायचे. वहिनीचं नाव माणिक होतं.

नरहर वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून होते. सहा दिवस ते कोणाचे कोणी नसत, पण रविवारी सकाळी साडेआठला धुतलेला सदरा घालून धाम नदीच्या पुलाशी जाऊन उभे राहत. आश्रम पाहायला आलेली माणसं तिथे उतरायची. त्यांतले दोन-चार जण ते हेरत आणि म्हणत, "आश्रम पाहाच. पण ज्या मातीवर तो उभा आहे, ती दीड हजार वर्षांपूर्वी राजधानी होती. वाकाटकांचं प्रवरपूर. पाहायचं आहे?" माणसं मागे निघायची. मग जुन्या किल्ल्याचा दरवाजा, मग शेताच्या बांधातून डोकावणाऱ्या हातभर लांब विटा, मग गावामागचं टेकाड. टेकाडावर काहीच नव्हतं. बोरीची झुडपं, शेळ्यांची वाट आणि वारा. नरहर तिथे थांबत आणि आवाज खाली आणून सांगत, "इथे देऊळ होतं. विद्वान मानत नाहीत. पण होतं. देवळाच्या दारात गंगा उभी असते, मगरीवर पाय ठेवून. एका बाजूला गंगा, दुसऱ्या बाजूला कासवावर यमुना. गंगा सापडली की दार सापडलं, आणि दार सापडलं की देऊळ."

हे सगळं झालं की टेकाडाच्या पायथ्याशी असलेल्या घराकडे हात करून म्हणत, "चला, आता आमच्या घरची कॉफी."

ती कॉफी मद्रासकडची नव्हती. ती तरोट्याची होती. पावसाळ्यात उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला जे माजतं, ज्याला गुरं तोंड लावत नाहीत, तो तरोटा. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी सगळेच खातात. कार्तिकात मात्र त्याच्या विळ्यासारख्या वाकड्या शेंगा वाळून खुळखुळू लागल्या की माणिक गोणपाट घेऊन निघायची. बिया झोडून काढायच्या, पाखडायच्या, लोखंडी कढईत भाजायच्या. कमी भाजल्या तर उग्र वास राहतो, घटकाभर जास्त झाल्या तर कोळसा. त्या तडतडून गप्प झाल्या की उतरवायच्या. मग परसातल्या कडुनिंबाखाली एक मोठा तांबूस दगड होता, त्याच्या मधल्या खळग्यात मुसळाने कुटायच्या. भुकटी फडक्यातून गाळून घ्यायची आणि गूळ घालून उकळायची.

सासऱ्यांनी खादीच्या दिवसांत चहा सोडला होता. त्या काळी आश्रमाच्या वाऱ्याला लागलेल्या पुष्कळ घरांनी सोडला आणि तरोटा भाजायला घेतला. पुढे एकेका घरात चहा परत आला. उमाट्यांच्या घरात आला नाही. सासू गेली, सासरे गेले, दगडातला खळगा खोल झाला. नरहर पाहुण्यांना सांगायचे, "या कॉफीतही इतिहास आहे." तो इतिहास कुटताना कोणाच्या तळहाताला घट्टे पडतात, हे सांगायचं राहून जायचं.

माणिक अल्लीपूरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. माहेरी सकाळ चहाने उजाडायची. सातवीपर्यंत शिकलेली, दुकानात पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचून मगच तिचा पुडा करणारी. लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने चहापत्ती विचारली होती. नरहर म्हणाले होते, "या घरात येऊन तू शिकायचं असते. घराले शिकवायचं नसते."

ती शिकली. स्वयंपाकघर आणि ओटा यांच्यामध्ये एक मातीची भिंत होती, आणि भिंतीला वर एक झरोका. दर रविवारी त्या झरोक्यातून नवऱ्याचं व्याख्यान येत राही. सुरुवातीला ती ते ऐकत नव्हती, कानावर पडत होतं. मग ऐकू लागली. राजांची नावं, विटांची मापं, मूर्तीच्या पायातला तोडा कोणत्या काळचा, साडीच्या चुण्या दगडात कशा काढत. एकदा नरहर पाहुण्यांसमोर एका राणीचं नाव विसरले. भिंतीपलीकडे माणिकच्या ओठावर ते आलं होतं. तिने कढईत झारा फिरवला.

दोघांत भांडण असं कधी पेटलं नाही. पेटलेलं निदान विझतं तरी. इथे धग होती. नरहर पेला खाली ठेवत म्हणायचे, "आज पाणी आहे नुसतं." ती म्हणायची, "नदीचंच हाय. तुमच्या राजधानीचं." मुलगी रक्षा लहान होती तोवर दोघं तिच्यामार्फत बोलत. "बाबाले सांग, जेवण वाढलं." "आईले सांग, ऐकू आलं." रक्षा लग्न होऊन कारंज्याला गेली तेव्हा घरात निरोप नेणारं कोणी उरलं नाही, आणि बोलणं आणखी कमी झालं.

एक्याण्णवच्या कार्तिकात तो दगड डुगडुगू लागला. खाली मुंगळ्यांनी वारूळ केलं होतं, पावसाने माती नेली होती. मुसळ मारलं की दगड एका अंगाला कलायचा आणि बिया उडायच्या. शनिवार होता. नरहर कचेरीत होते. माणिकने सब्बल आणली, एका बाजूने विटेचा टेकू दिला, आणि जोर लावून दगड पालथा केला. मातीने लडबडलेली खालची बाजू तिने मुंगळे जावेत म्हणून पाण्याने धुतली.

पाणी ओघळलं तसा आधी तोडा दिसला. मग तो तोडा ज्यात होता तो पाय. घोट्यावर येऊन थांबलेल्या साडीच्या चुण्या. आणि पायाखाली वर वळलेलं तोंड, दात, बारीक डोळा. मगर.

ती जमिनीवर बसली. हे काय आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. भिंतीपलीकडून वीसेक वर्षं सांगितलं गेलं होतं. ज्या गंगेसाठी हा माणूस टेकाडाचा इंच न् इंच चालला होता, ज्या गंगेवाचून नागपूरचे विद्वान त्याची पत्रं उत्तर न देता ठेवून देत होते, ती त्याच्या परसात तोंड खाली करून पडली होती. तिच्या पाठीवर कुटलेली कॉफी तो रोज पीत होता.

त्या दिवशी माणिकच्या मनात राग नव्हता, हे नोंदलं पाहिजे. तिने दगड तसाच उताणा ठेवला आणि वर गोणपाट टाकलं. उद्या रविवार. उद्या पाहुण्यांसमोर सांगायचं, असं तिने ठरवलं. त्यांची मान वर होईल. आणि ते आपल्याकडे पाहतील. नीट, पहिल्यांदा पाहिल्यासारखं. रात्री वाढताना तिने न मागता तूप वाढलं. नरहर म्हणाले, "आज काय, एकादशी सोडून राह्यली का?"

दुसऱ्या दिवशी सिंदीहून चार शिक्षक आले. एक वयस्कर गुरुजी होते, नत्थूजी. कॉफी घेताना त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, तुम्हीही जात असाल यांच्यासंगं टेकाडावर?"

माणिक दारात उभी होती. पदर सावरून ती म्हणाली, "टेकाडावर नाई गेली, पण त्या देवळाचं मले—"

"तिले नका विचारू, गुरुजी," नरहर हसत म्हणाले. "तिचा इतिहास चुलीपासून सुरू होते अन् चुलीपाशीच संपते."

चौघेही हसले. नत्थूजी जरा कमी हसले, पण हसले. माणिकने रिकामे पेले उचलले. परसात गेली. नदीची बारीक वाळू भांडी घासायला आणलेली होती, ती तिने खड्ड्यात पसरली, वर गोणपाट अंथरलं, आणि सब्बलीने दगड हळूच पुन्हा पालथा केला. गंगेच्या पायाला धक्का लागणार नाही एवढी काळजी घेतली. दुसरी कोणतीही काळजी तिने त्या दिवशी केली नाही.

शेजारच्या शोभाबाई कुंपणावरून पाहत होत्या. "काय वं माणिक, दगड पुरून राह्यली का?"

"बसवून राह्यली, मावशी. लय डुगडुगत होता."

त्यानंतर अकरा वर्षं तिने त्या दगडावर तरोटा कुटला. दर रविवारी झरोक्यातून, स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून परसापर्यंत "गंगा सापडली की दार सापडलं" ऐकू यायचं आणि तिचं मुसळ खाली यायचं. पहिली दोन-तीन वर्षं तिला यात एक कडू गोडी होती. पुढे ती गोडीही गेली आणि उरली ती सवय, अंगावर चढलेल्या दागिन्यासारखी जड. कधी वाटायचं, सांगून टाकावं. पण त्या आठवड्यात नरहर काहीतरी बोलायचेच. भाजी आळणी, डोकं आळणी, माहेर आळणी. आणि ती पुन्हा वर्षभर गप्प.

नरहर निवृत्त झाले. आता त्यांच्यासाठी सातही दिवस रविवार होते. त्यांनी टेकाडावरच्या देवळाविषयी दीडशे पानांचं बाड लिहिलं, टाइप करून घेतलं आणि एका संशोधन मंडळाला पाठवलं. मागणी एकच, टेकाडावर खणून पाहा. चार वर्षं उत्तर नव्हतं. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत आलं. मंडळाचे एक साहेब स्वतः येऊन पाहणार होते. त्यांनी होय म्हटलं तर खणणं होणार, नाही म्हटलं तर बाड कायमचं बंद.

आठवडाभर नरहर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. ओटा सारवून घेतला. खापरांचे तुकडे, विटा, दोन मणी कागदावर मांडून त्यांना आकडे दिले. माणिकला म्हणाले, "कॉफी चांगली कर. माझी इज्जत आहे त्याच्यात."

"तुमची इज्जत कॉफीत हाय," ती म्हणाली, "मंग मी काय बिघडवणार."

साहेब आले. पन्नाशीचे, शांत, थकलेले. टेकाडावर दोन तास फिरले, झुडपात बसून माती चाळली, मग ओट्यावर येऊन मांडलेले तुकडे एकेक करून पाहिले. माणिक झरोक्यापाशी उभी होती. तिच्या हातात पेल्यांचं ताट होतं.

"उमाटेजी," साहेब म्हणाले, "तुमचं वाचन दांडगं आहे. पण हे तुकडे वस्तीचे आहेत, देवळाचे नाहीत. अशी वस्ती या गावात कुठेही खणलं तरी लागेल."

"देऊळ आहे, साहेब. मला आतून वाटतं."

"आतून वाटण्यावर मंडळ खणत नाही." ते कडवट नव्हतं, म्हणून जास्त लागलं. "दाराची पट्टी, एखादी गंगा, गंगेचा पाय मिळाला असता तरी मी आत्ता इथे बसून शिफारस लिहिली असती."

माणिक ताट घेऊन बाहेर आली. नरहरांचा चेहरा तिने पाहिला. एवढा उघडा पडलेला तो तिने कधी पाहिला नव्हता, लग्नातही नाही. अकरा वर्षांचं जे काही तिच्या आत साचून दगड झालं होतं, ते हललं. साहेबांनी पेला घेतला, घोट घेतला आणि मान वर केली. "तरोटा का? माझी आजी करायची. वहिनी, तुम्ही इतकी वर्षं टेकाडाखाली राहता. झाडता-सारवताना, पाया खणताना कधी काही लागलं का हाताला?"

तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. "हो" एवढाच.

"तिला काय विचारता, साहेब," नरहर म्हणाले. हसण्याचं अवसान नव्हतं, तरी हसले. "तिच्या हाताला गंगा लागली तर ती तिच्यावर भांडी घासेल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी माणिककडे क्षणभर पाहिलं, ती काही बोलते का म्हणून. ती म्हणाली, "आणखी घ्या थोडी." त्यांनी पेला पुढे केला. अर्ध्या तासाने त्यांची जीप धुरळा उडवत पुलाकडे गेली.

नरहरांनी ओट्यावरचे तुकडे कागदात गुंडाळले. मग उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. "जळकी होती," ते म्हणाले.

"काय?"

"कॉफी. जास्त भाजली तू. त्यांचं तोंड कडू झालं अन् मंग बोलणंही तसंच झालं. एक दिवस सांगितलं होतं, नीट कर. एक दिवस. तुले माझं चांगलं झालेलं पाहवत नाई."

माणिकने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. राख झटकली. "या इकडे," ती म्हणाली.

"कुठं?"

"परसात."

सब्बल भिंतीला टेकलेली होती. या वेळी तिला विटेचा टेकू लागला नाही. दगड कलला, उभा राहिला, मागे पडला. तिने लोट्याने पाणी ओतलं. वाळू वाहून गेली आणि तोडा दिसला, पाय दिसला, चुण्या दिसल्या. मगरीचा डोळा.

नरहर खाली बसले. हात पुढे नेला आणि स्पर्श न करता थांबवला. शोभाबाईंच्या कोंबड्या कुंपणातून आत आल्या, दगडाभोवती फिरल्या, निघून गेल्या.

"खाली वाळू घातली होती," माणिक म्हणाली. "नखालेही धक्का नाई."

"कधीपासून?"

"एक्याण्णव. सिंदीचे गुरुजी आले होते त्याच्या आदल्या दिवशी."

त्यांनी मान वर केली. आठवलं असावं. किंवा नसेलही; असं बोलणं बोलणाऱ्याला आठवत नाही. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं तू मले मारून राह्यली होती. अन् आता दाखवते? जीप गेल्यावर?"

"जीप होती तवा विचारलं होतं त्यांनी. उत्तर तुम्ही देल्लं."

नरहर घरात गेले आणि कागद घेऊन बसले. साहेबांना पत्र. संध्याकाळपर्यंत तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा पूर्ण केलं आणि घडी न घालता मेजावर ठेवलं. माणिक दिवा लावायला आली. तिने ते उचललं आणि वाचलं. 'आमच्या परसातील एक शिला आज माझ्या निदर्शनास आली...'

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"एवढंच असते पत्रात."

"मंग खरं एवढंच लिहा. कोणी पाह्यलं, कवा पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी नवं पत्र. 'माझ्या कुटुंबीयांस साफसफाई करताना...'

"कुटुंबीय कोण? घरात मी एक, अन् शोभामावशीच्या कोंबड्या."

तिसऱ्या दिवशी तिचं नाव आलं. 'माझी पत्नी सौ. माणिक हिला सन १९९१ मध्ये ही शिला दिसली. तिचे महत्त्व अर्थातच तिला ज्ञात नव्हते. मी ती गंगा असल्याचे ओळखले.'

माणिकने ते दोनदा वाचलं. आपलं नाव टाइपच्या ठशांसारख्या त्या सुबक अक्षरात पहिल्यांदाच दिसत होतं. ती म्हणाली, "ओळखली कोणी?"

नरहरांनी पत्र तिच्या हातातून काढून घेतलं.

"तुमी पाहाच्या अगोदर अकरा वर्षं मले ठाऊक होतं, ती गंगा हाय. तोडा पाहून ठाऊक होतं. हे लिहा."

"तुले काय ठाऊक होतं? माझंच ऐकून ऐकून—"

"हो. तुमचंच ऐकून. तेही लिहा. नवऱ्याचं ऐकून ओळखली म्हणून लिहा. मले त्याची लाज नाई."

त्याहून मोकळं देणं तिच्याकडे दुसरं नव्हतं, आणि तिने ते पुन्हा देऊ केलं नाही. नरहरांनी पेन उचललं. बराच वेळ ते कागदाच्या वर एक बोट अंतरावर धरलेलं होतं. ज्या माणसाने दीडशे पानं लिहिली, त्याला ती एक ओळ लिहिता येईना. ती लिहिली की देऊळ सापडत होतं. पण मग मंडळातले साहेब वाचणार, हसणार, चारचौघांत सांगणार की उमाट्यांनी तीस वर्षं जी गंगा शोधली ती त्यांच्या बायकोने परसात ओळखली, आणि ते तिच्यावरची कॉफी पीत बसले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे," माणिक म्हणाली. तिने पाच मिनिटं वाट पाहिली. मग परसात जाऊन नवी वाळू पसरली, गोणपाट अंथरलं आणि दगड पालथा केला. नरहर दारात उभे राहून पाहत होते. तिने हात लावू दिला असता तर त्यांनी मदत केली असती, असं त्यांच्या उभं राहण्यावरून वाटत होतं. ती त्यांच्याकडे वळली नाही.

पुढच्या आठवड्यात ते वर्ध्याहून मिक्सर घेऊन आले. लग्नानंतर बायकोसाठी आणलेली ती पहिली विजेची वस्तू. "कुटायची गरज नाई आता," म्हणाले. माणिकने खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि खोकं तसंच कोनाड्यात ठेवलं. "मिक्सरच्या भुकटीले चव नसते," ती म्हणाली. "पाहुणे काय म्हणतील."

मार्चमधल्या एका रविवारी यवतमाळकडचं एक जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं, दोघंही कॉलेजात शिकवणारी. दरवाजा पाहून, विटा पाहून, टेकाड उतरून ती ओट्यावर बसली. नरहरांनी देवळाचं सांगितलं, पण आवाज खाली आणला नाही, आणि गंगेचा उल्लेख केला नाही. तरुणाने वहीत काही टिपलं आणि विचारलं, "पण काका, देऊळ होतं याला पुरावा काय?"

या प्रश्नावर नरहर पूर्वी तासभर बोलत. मागून, परसातून, ठण् ठण् असा आवाज येत होता.

"पुरावा नाही," नरहर म्हणाले.

मुलीने मान वळवली. "मागे काय चाललंय?"

"कॉफी," ते म्हणाले, आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्यांचा खांदा बारीकसा आत जात होता.

झरोक्यातून हे सगळं माणिकला ऐकू आलं. तिने खळग्यातली भुकटी चिमटीत धरून चोळून पाहिली. अजून भरड होती. तिने मुसळ उचललं.